रात्री सुटलेलं कुत्रं कुणाचं?



एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. पहाट झाली आहे. तुम्ही चरवी घेऊन आखाड्यावर जाता. एरवी पावलांचा आवाज आला की ओरडणाऱ्या शेळ्या आज गप्प आहेत. जवळ जाऊन पाहता तर काट्याचं कुंपण एका जागी मोडलेलं, दोन करडं मरून पडलेली, एक शेळी मागच्या मांडीला फाटलेली आणि गाभण शेळी कोपऱ्यात थरथर कापत उभी. मांस फारसं कुणी खाल्लेलं नाही. नुसतं धरलं, फाडलं आणि टाकलं.

गावात बातमी जाते. चारजण म्हणतात, लांडगा आला असेल. पण ओल्या मातीत कुत्र्यांची पावलं असतात आणि दोन-तीन कुत्र्यांच्या तोंडाला रक्त लागलेलं असतं. मग कुणी विचारतो, "कुत्री कुणाची?" उत्तर ठरलेलं असतं, "आमचं नव्हे, गावाचं आहे."

आता तुम्हीच सांगा, भाकर खाताना जे कुत्रं आपलं असतं, ते नुकसान झालं की गावाचं कसं होतं? बैल दुसऱ्याच्या रानात शिरला तर बैलाचा धनी शोधला जातो. प्रसंगी जनावर कोंडवाड्यात जातं आणि धनी पैसे भरून सोडवतो. ओढाळ जनावराच्या गळ्यात आपण लोढणं अडकवतो. कुत्र्याच्या बाबतीत मात्र कुणीच धनी नसतो. या पत्रिकेत आपण याच प्रश्नाचा विचार करणार आहोत. कार्यक्रमात ऐकलेलं विसरायला होतं, म्हणून ही पत्रिका जपून ठेवा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

आपल्या भागात हा प्रश्न मोठा का?

लातूर आणि नांदेड हे जातिवंत जनावरांचे जिल्हे. कंधारची लाल कंधारी, देवणीची देवणी आणि घरोघरची उस्मानाबादी शेळी यांचं नाव दूरवर आहे. शेळी ही गरिबाची गाय. अडीनडीला एक बोकड विकला की दवाखाना भागतो, शाळेचा खर्च भागतो, बी-बियाणं येतं. त्या शेळीच्या पोटात पाच महिने वाढलेली दोन करडं एका रात्रीत गेली, तर त्या घराचं वर्षाचं गणित बिघडतं.

दुसऱ्या बाजूला, कुत्रं पाळणं आपल्याकडे नवं नाही. खंडोबाजवळ कुत्रं असतं. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवं, गाई-बैल येतात, तशी कुत्रीही येतात आणि त्यांचं प्रदर्शनही भरतं. चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव कारवान आणि पश्मी जातीच्या कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. धनगराच्या कळपाबरोबर कुत्रं नसेल तर रात्री लांडग्याला कोण अडवणार? तेव्हा ही पत्रिका कुत्र्याला नावं ठेवण्यासाठी नाही. कुत्रं कामाचं आहे, इमानी आहे. प्रश्न आहे तो त्याच्या धन्याचा.

कुत्रं शेळ्या-मेंढरांमागे का लागतं?

पुष्कळांना वाटतं की उपाशी कुत्रंच जनावर मारतं. हे अर्धंच खरं आहे. पोट भरलेलं, घरात लाडानं वाढवलेलं कुत्रंही शेळी फाडतं. पळणाऱ्या वस्तूच्या मागे धावणं हा कुत्र्याचा जन्माचा स्वभाव आहे. मोटारसायकलमागे ते धावतं तेही याच स्वभावामुळे. मेंढरू भ्यालं की पळतं, आणि ते पळालं की कुत्र्याला जोर चढतो. कारवान, पश्मी ही कुत्री तर नजरेनं सावज हेरून धावण्यासाठीच पिढ्यान् पिढ्या तयार झाली आहेत. त्यांच्यापुढून करडू उड्या मारत गेलं तर ती बसून कशी राहतील?

दुसरी गोष्ट टोळीची. एकटं कुत्रं बहुधा भुंकून परत फिरतं. दोन झाली की पाठलाग करतात. तीन-चार झाली की एकमेकांच्या चेवानं धरतात आणि फाडतात. दिवसा तुमच्या दारात पोरांशी खेळणारं कुत्रं रात्री चार कुत्र्यांत मिसळलं की वेगळंच होतं. म्हणून "आमचं कुत्रं असं नाही" असं छातीवर हात ठेवून कुणी म्हणू नये. रात्री ते काय करतं हे तुम्ही पाहिलेलं नसतं.

आणि एकदा रक्ताची चटक लागली, की ते कुत्रं पुन्हा त्याच कळपाकडे वळण्याची भीती फार.

लांडग्याची शिकार आणि कुत्र्यांचं नुकसान यांत फरक ओळखता येतो. लांडगा बहुधा नरडं धरतो आणि एखादं मेंढरू ओढून नेऊन खातो. गावची कुत्री एकाच वेळी पुष्कळ जनावरांना चावतात. मांड्या, शेपूट, कान, जिथे तोंड पोचेल तिथे फाडतात आणि न खाता सोडून जातात. हा फरक भरपाईसाठीही महत्त्वाचा आहे. बिबट्या, लांडगा अशा वन्यप्राण्यांनी जनावर मारलं तर वनखात्याकडे अर्ज करता येतो. गावच्या कुत्र्यानं मारलं तर तिथे काही मिळत नाही. ते नुकसान ज्याचं त्यालाच सोसावं लागतं.

धनी कुठे चुकतो?

१) दिवसा बांधतो, रात्री सोडतो. "राखणीला सोडलंय" असं आपण म्हणतो. पण सोडलेलं कुत्रं तुमच्या दारात बसत नाही. ते गावभर हिंडतं, टोळीत जातं आणि पहाटे परत येतं. राखण झाली की नाही कुणास ठाऊक, पण शेजाऱ्याच्या आखाड्यावर धाड मात्र पडते. दिवसभर आखूड दोरीला बांधून ठेवलेलं कुत्रं चिडकंही होतं.

२) पोटाला देत नाही. "ते हिंडून खातं" असं म्हणणारे धनी आहेत. हिंडून खाणारं कुत्रं उकिरड्यावर जातं, कोंबडीच्या दुकानामागच्या घाणीवर जातं, मेलेल्या ढोरावर जातं. तिथेच त्याला कच्च्या मांसाची सवय लागते.

३) वार आणि मेलेलं करडू उकिरड्यावर फेकतो. शेळी किंवा गाय व्याली की पडलेली वार आपण उकिरड्यावर टाकतो. कुत्री ती खातात आणि व्यालेल्या जनावराच्या वासाला सोकावतात. पुढे ती गोठ्यात येऊन नवं पिल्लूच उचलतात. ही सवय आपणच लावलेली असते.

४) ऊसतोडीला जाताना कुत्रं मागे सोडतो. आपल्या डोंगराळ तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर कितीतरी घरं कारखान्याच्या वाटेला लागतात. घराला कुलूप लागतं आणि कुत्रं ओट्यावर राहतं. आठ दिवस ते धन्याची वाट पाहतं. मग भूक त्याला टोळीत नेते. उन्हाळ्याच्या तोंडाला धनी परत येतो, तोवर त्या कुत्र्यानं काय काय केलं याचा हिशोब गावाला पाठ असतो.

५) पिल्लं नको झाली की दुसऱ्या गावच्या शिवेवर नेऊन सोडतो. कुत्री वर्षातून साधारण दोनदा वितात. आज शिवेवर सोडलेलं पिल्लू वर्षभरात तुमच्याच शिवारात फिरणारं बेवारस कुत्रं होतं.

कुत्रं बांधावं कसं?

कुत्रं रात्री गोठ्याजवळ बांधलेलंच असावं. बांधलेलं कुत्रंही भुंकतं आणि तुम्हाला जागं करतं. राखणदाराचं खरं काम तेच आहे.

आखूड दोरीला बांधू नका. एक सोपी रीत आहे. गोठ्याच्या बाजूला वीस-पंचवीस फुटांवर दोन मजबूत खांब रोवा. त्यांच्यामध्ये जाड तार ताणून बांधा. तारेत एक लोखंडी कडी सोडा आणि तिला पाच-सहा फूट साखळी लावा. साखळीचं दुसरं टोक कुत्र्याच्या पट्ट्याला. कडी तारेवरून सरकते, त्यामुळे कुत्र्याला इकडून तिकडे फिरता येतं आणि गोठ्याची एक बाजू त्याच्या राखणीत राहते. साखळी खांबाला गुंडाळू नये म्हणून तारेवर खांबापासून थोडं अलीकडे एक गाठ किंवा अडसर करा. साखळीत फिरकी असली तर पीळ पडत नाही. सावली आणि पाणी त्याला पोचेल असं हवं. गळ्यात फास बसेल अशी दोरी नको, रुंद पट्टा हवा. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जावीत.

दिवसातून दोनदा पोटाला द्या. ज्वारीची भाकर ताकात किंवा वरणात कुस्करून दिली तरी चालते. अधूनमधून शिजवलेलं अंडं किंवा शिजवलेलं मांस द्या. कच्चं मांस, आतडी, मेलेल्या जनावराचं काळीज कधीही देऊ नका. त्याचं कारण पुढे जंतांच्या भागात सांगितलं आहे.

पिल्लू लहान असतानाच त्याला शेळ्या-मेंढरांत वाढवा. धनगर हेच करतात. दोन महिन्यांचं पिल्लू कळपात वाढलं तर कळप त्याला आपला वाटतो. खेळात करडाच्या मागे धावलं तर तिथल्या तिथे दटावा. पोरं "छू" म्हणून शेळीवर, डुकरावर, वाटसरूवर कुत्रं सोडतात, ते बंद करा. आज डुकरावर सोडलेलं कुत्रं उद्या मेंढरावर जाणारच. ससा किंवा हरणामागे कुत्री सोडणं हा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हाच आहे.

आखाड्यावर नेताना, बाजारात, यात्रेत किंवा येळवसीला रानात नेताना कुत्रं साखळीला धरलेलं असावं. येळवसीच्या दिवशी सगळं गाव रानात असतं. पोरंसोरं, पाहुणे, बैल, शेळ्या एका जागी येतात. त्या गर्दीत मोकळं कुत्रं नको.

पिल्लं नको असतील तर नसबंदी करून घ्या. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही सल्ला मिळू शकेल. नसबंदी केलेला नर कुत्रा बहुधा कमी भटकतो. नसबंदीनं कुत्रं राखणीला निकामी होतं हा गैरसमज आहे.

जनावराला कुत्रं चावलं तर

शेळीला किंवा मेंढीला धरलं तर बाहेरून दिसते त्यापेक्षा आतली जखम मोठी असते. लोकरीखाली दाताची चार छिद्रं दिसतात, पण आत मांस सुटलेलं असतं.

जखमेभोवतीचे केस किंवा लोकर कातरा. हातात रबरी मोजे घाला. ते नसतील तर दोन्ही हातांत प्लास्टिकच्या पिशव्या घाला. साबण आणि वाहतं पाणी घेऊन जखम पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा जास्त असतात. मग जंतुनाशक औषध लावा. चुना, मिरचीपूड, बिब्ब्याचं तेल लावू नका आणि डागही देऊ नका. त्यानं जखम चिघळते.

त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. जनावर हलत नसेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागा. चावलेल्या जनावरालाही पिसाळीविरुद्ध लस देता येते. ती एका सुईत संपत नाही. साधारणपणे पहिल्या दिवसापासून महिनाभरात पाच सुया लागतात. डॉक्टर सांगतील त्या तारखा दाराच्या मागे खडूनं लिहून ठेवा. एकही चुकवू नका.

पावसाळ्यात जखमेवर माशी बसून अळ्या पडतात, म्हणून रोज पाहा. गाभण शेळी नुसत्या भीतीनं आणि पळापळीनंही गाभडू शकते. तिला आठ-दहा दिवस वेगळी, शांत जागी ठेवा.

जनावर मेलं आणि त्याचा विमा असेल, तर कानातला बिल्ला काढू नका आणि घाईनं पुरू नका. आधी विमा कंपनीला आणि पशुवैद्यकांना कळवा.

पिसाळीची भीती आणि बिल्लाळीचा धडा

कुत्र्यामुळे होणारं सर्वांत मोठं नुकसान म्हणजे पिसाळी. डॉक्टर त्याला रेबीज म्हणतात. या रोगाची लक्षणं एकदा दिसली की माणूस काय, जनावर काय, वाचत नाही म्हटलं तरी चालेल. पण चावल्याबरोबर नीट उपचार घेतला तर रोग टळतो. म्हणजे सगळा खेळ पहिल्या तासांचा आणि दिवसांचा आहे.

नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात बिल्लाळी गावी २०२५ साली काय झालं ते आठवा. कुत्रं चावलेली एक म्हैस मेली. तिचं दूध-दही गावातल्या काल्याच्या प्रसादात गेलेलं होतं. म्हैस मेल्यावर गावात घबराट झाली आणि दीडशेहून अधिक माणसांना पिसाळीविरुद्ध लस घ्यावी लागली. एका चाव्यानं सगळं गाव दवाखान्याच्या रांगेत उभं राहिलं.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, कुत्रं चावलेल्या जनावराची गोष्ट लपवू नका. चावल्यावर रोग दिसायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. तोवर आपण चावल्याचं विसरून गेलेलो असतो. दुसरी, चावलेल्या जनावराचं दूध गावाला, डेअरीला किंवा प्रसादाला देऊ नका, आधी पशुवैद्यकांना विचारा. दूध नीट उकळलं की पिसाळीचा विषाणू मरतो. पण कच्चं दूध आणि न उकळलेल्या दुधाचं दही-ताक यांची जोखीम घेऊ नये. खरा धोका दुधापेक्षा जनावराच्या लाळेचा आहे.

लाळेचा धोका नीट समजून घ्या. पिसाळलेली गाय किंवा म्हैस वेगळ्याच आवाजात हंबरत राहते, लाळ गाळते, चारा तोंडात धरते पण गिळत नाही, मागच्या पायात अडखळते. कधी अंगावर येते, कधी नुसती सुस्त उभी राहते. गिळत नाही म्हणून धन्याला वाटतं, घशात काही अडकलं. मग तो तिच्या तोंडात हात घालून पाहतो. हीच मोठी चूक आहे. हाताला बारीक खरचटलेलं असलं तरी लाळेतून रोग अंगात शिरतो. लाळ गाळणाऱ्या, न गिळणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालू नका. दूर बांधा आणि डॉक्टरांना बोलवा. असं जनावर मेलं तर कातडं काढू नका, मांस वाटू नका. खोल खड्डा खणून चुना टाकून पुरा.

माणसाला कुत्रं चावलं तर

जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. हळद, तेल, तंबाखू, मंत्र, गंडा यांत एक तासही घालवू नका. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत आहे. हल्ली ती दंडात देतात. पोटात चौदा सुया देण्याची जुनी लस वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. त्या चौदा सुयांच्या धाकानं म्हातारीकोतारी माणसं अजून दवाखान्यात जायला भितात, त्यांना हे आवर्जून सांगा. चामडीत द्यायची लस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी देतात. दंडाच्या स्नायूत द्यायची असेल तर चौदाव्या दिवशी आणखी एक सुई असते. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर जखमेत टोचायचं आणखी एक औषध असतं. ते मिळेल का हे विचारून घ्या. लहान मूल चावलेलं सांगत नाही, मार बसेल म्हणून लपवतं. मुलांना सांगून ठेवा की कुत्र्याचं नुसतं नख लागलं तरी घरी सांगायचं.

इथेच धन्याचं खरं काम आहे. कुत्रं कुणाचं हे कळलं, तर ते दहा दिवस बांधून पाहता येतं. दहा दिवसांनंतर ते ठणठणीत असेल तर चावलं तेव्हा त्याच्या लाळेत रोग नव्हता हे कळतं आणि डॉक्टर पुढचा निर्णय घेतात. लस मात्र लगेच सुरू करायची, दहा दिवस वाट पाहायची नाही. धन्यानं "माझं नव्हे" म्हणून हात झटकले किंवा कुत्रं मारून पुरून टाकलं, तर चावलेल्या माणसाला काहीच कळत नाही. भांडणाच्या भीतीनं लपवलेलं एक कुत्रं दुसऱ्याच्या पोराला टांगणीला लावतं.

म्हणून पाळलेल्या प्रत्येक कुत्र्याला पिसाळीची लस द्या. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, पुढची डॉक्टर सांगतील तेव्हा आणि मग दरवर्षी एकदा. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो. त्या सुमाराला लसीकरणाची शिबिरं होतात, चौकशी करा. तारखेचा कागद जपून ठेवा. एका मेलेल्या शेळीच्या किमतीत कितीतरी वर्षांची लस होते.

न दिसणारं नुकसान : जंत

कधी एखादी मेंढी एकाच बाजूला गोल गोल फिरते, मान वाकडी करते, भिंतीला डोकं टेकून उभी राहते. लोक म्हणतात, वारं लागलं. पुष्कळदा तो कुत्र्याच्या जंताचा प्रताप असतो. कुत्र्याच्या आतड्यात चपटा जंत असतो. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर आणि कडब्यावर पडतात. मेंढी ते खाते आणि तिच्या मेंदूत पाण्याची पिशवी वाढते. मेलेल्या मेंढीचं डोकं कुत्र्याला टाकलं की जंत पुन्हा कुत्र्यात जातो. असं हे रहाटगाडगं चालू राहतं. दुसऱ्या एका जातीच्या जंतानं तर माणसाच्या काळजात आणि फुफ्फुसातही पाण्याच्या गाठी होतात.

हे चाक थांबवायला दोन गोष्टी पुरेशा आहेत. कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्या, आणि कापलेल्या किंवा मेलेल्या जनावराचं डोकं, काळीज, आतडी त्याला कच्ची टाकू नका. कडब्याच्या गंजीवर कुत्र्याला झोपू देऊ नका. कुत्र्याला हात लावल्यावर हात धुऊन जेवायला बसा.

कायदा काय सांगतो, गावानं काय करावं?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम २९१ प्रमाणे, आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा मोठी इजा होईल अशी हयगय केली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पूर्वीच्या कायद्यात हा दंड एक हजार रुपयांपर्यंत होता. तेव्हा "कुत्रंच ते, त्याला काय कळतंय" हे उत्तर चालत नाही. कुत्र्याला कळत नसेल, धन्याला कळलं पाहिजे असं कायदा म्हणतो.

पण रागाच्या भरात भाकरीत औषध घालून कुत्री मारू नका. कलम ३२५ प्रमाणे कुणाही जनावराला विष घालून मारणं हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. शिवाय ते विष कुठे जाईल याचा नेम नसतो. तुमचीच कोंबडी, तुमचाच मोर, एखादं लहान लेकरूही त्याला बळी पडेल. ज्यांना खरोखरच धनी नाही अशा कुत्र्यांसाठी २०२३ चे नियम आहेत. त्यांची नसबंदी आणि लसीकरण करण्यासाठी ग्रामपंचायतीकडे लेखी मागणी करा.

शेळ्या-मेंढरांचं नुकसान झालं तर भांडत बसण्याआधी चार गोष्टी करा. जनावर हलवण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. कुत्रं पाहणारे दोन साक्षीदार ठरवा. पोलीस पाटलांना कळवून पंचनामा मागा. पशुवैद्यकांचा दाखला घ्या. मग धन्याला बोलवा. २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम आली, तेव्हा गावोगाव समित्या झाल्या. जिथे ती समिती चालू आहे तिथे हा तंटा तिच्यापुढे मिटवता येईल. नसेल तर चार जाणत्या माणसांपुढे.

त्याहून चांगलं म्हणजे नुकसान व्हायच्या आधीच ग्रामसभेत एक ठराव करा :

• गावातल्या प्रत्येक पाळीव कुत्र्याच्या गळ्यात पट्टा असावा आणि त्याच्या धन्याचं नाव वहीत लिहावं.
• दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत कुत्रं बांधलेलं असावं.
• वर्षातून एक दिवस ठरवून सगळ्या कुत्र्यांना एकदम लस द्यावी.
• मेलेली जनावरं आणि वार पुरण्यासाठी एक जागा ठरवावी.
• ऊसतोडीला जाणाऱ्यानं कुत्रं बरोबर न्यावं किंवा कुणाच्या तरी स्वाधीन करून त्याच्या भाकरीची सोय करून जावं.

शेवटचं कलम किरकोळ वाटेल, पण ते विसरू नका. मागे राहणाऱ्या शेजाऱ्याला पायलीभर ज्वारी देऊन जाणं जड नाही. भाकर मिळालेलं कुत्रं घर सोडत नाही.

बंधू-भगिनींनो, कुत्रं आपल्याकडून भाकर घेतं आणि त्या बदल्यात रात्रभर जागतं. त्याच्या इमानात खोट नसते. त्याला रात्री बांधायचं, पोटाला द्यायचं, लस द्यायची आणि ते चुकलं तर "होय, माझं आहे" असं म्हणायचं, एवढंच धन्याच्या वाट्याला येतं. आज संध्याकाळी दिवे लागले की बाहेर जाऊन बघा, आपलं कुत्रं कुठे आहे.

राम राम.